पहिलं उत्तर देणारा

सकाळी पुण्याच्या मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रसंग हमखास दिसतो. बाहेरगावाहून आलेला माणूस हातातली पिशवी सावरत विचारतो, "दादा, बोहरी आळी कुठं आली?" आजूबाजूला चार जण असतात. त्यातला जो आधी बोलतो, त्याच्या बोटाच्या दिशेनं तो माणूस चालू लागतो. सांगणारा कोण, त्याला खरंच ठाऊक आहे का, हे तो विचारत बसत नाही. मंडईत हे चालून जातं. कुणी चुकीचं सांगितलंच, तर पुढच्या कोपऱ्यावरचा लिंबूवाला ते दुरुस्त करतो.

संगणकांच्या जाळ्यातही पत्ता असाच विचारला जातो आणि पहिलं उत्तर देणाऱ्यावर असाच विश्वास टाकला जातो. तिथं मात्र पुढच्या कोपऱ्यावर लिंबूवाला नसतो. गेली वीसेक वर्षं मी मंडई, तुळशीबाग, रविवार पेठ या भागातल्या दुकानांची, गोदामांची आणि पतसंस्थांची नेटवर्क जोडत आणि दुरुस्त करत आलो आहे. या धंद्यात जे स्वतः पाहिलं आणि जगभरच्या जाणत्यांच्या बाबतीत जे घडलं, त्यातले काही किस्से इथं सांगतो. सगळे एकाच खोटीभोवती फिरतात.

नाव वेगळं, पत्ता वेगळा

नाव आणि पत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मंडईसारखं उदाहरण नाही. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरणारा भाजीबाजार १८८६ साली या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीत आला, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ते ठेवलेलं. नगरपालिकेचे सभासद असताना ज्या जोतीराव फुल्यांनी या बाजाराच्या इमारतीवर मोठा खर्च करायला विरोध केला होता, त्यांचंच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला मिळालं. नाव बदललं, इमारत जागची हलली नाही. पुढे घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. व्यापाऱ्याच्या पेढीचं नाव तेच राहिलं, पत्ता बदलला.

नाव बदलतं आणि पत्ता राहतो. पत्ता बदलतो आणि नाव राहतं. म्हणून दोघांची सांगड घालणारी वही कुणीतरी ठेवावी लागते. नेटवर्कमध्ये अशा दोन वह्या असतात. एक डीएनएस. तुम्ही बँकेच्या संकेतस्थळाचं नाव टाइप करता, डीएनएस त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देतो. दुसरी डीएचसीपी. ऑफिसात नवा संगणक किंवा मोबाइल जोडला की त्याला स्वतःचा पत्ता कोणता, बाहेर जायचं दार कोणतं आणि नावं कुणाला विचारायची, हे सगळं ती सांगते. या वह्या ठेवणारे प्रोग्राम डोळ्यांना कधी दिसत नाहीत. ते बिघडले की मगच त्यांची आठवण होते, आणि ते खोटं बोलू लागले तर तेवढीही होत नाही.

अर्धं ऑफिस बंद, अर्धं चालू

मंडईपासून चालत पाच मिनिटांवर एक पतसंस्था आहे. मार्चअखेरचे दिवस होते. सकाळी साडेदहाला व्यवस्थापक बाईंचा फोन आला. "अहो, लवकर या. अर्धी मशिनं चालतायत, अर्धी बंद आहेत. व्याजाच्या पावत्या अडकल्यात, बाहेर रांग लागलीय."

सगळं बंद असेल तर दुखणं सापडायला सोपं. अर्धं बंद असेल तर खरी परीक्षा. मी पोचलो आणि पहिला प्रश्न विचारला, जो आमच्या धंद्यातला प्रत्येक जण विचारतो. "मॅडम, काल संध्याकाळपासून नवीन काही जोडलंय का?"

"नाही हो, कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

एका बंद संगणकावर बसून त्याचा पत्ता पाहिला, मग एका चालू संगणकाचा. दोन्हींचे पत्ते दोन वेगळ्या वस्त्यांतले होते. त्याच क्षणी कळलं, की या ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे झाले आहेत. मग एकेक केबल उपसत गेलो. बैठकीच्या खोलीत, कपाटामागे, भिंतीतल्या जोडणीला लावलेला एक नवा कोरा राउटर सापडला. कोपऱ्यात उभा असलेला तरुण कारकून पुढे आला. "दादा, तो मी आणलाय, तपकीर गल्लीतून. काल सभा होती, संचालकांना मोबाइलवर नेट मिळत नव्हतं. सभा झाल्यावर काढायचा राहिला."

त्या मुलाची नियत साफ होती. पण त्यानं लावलेला राउटरही पत्ते वाटणारा होता. संगणक सुरू झाला की तो जाळ्यावर सगळ्यांना उद्देशून हाक मारतो: मला कुणी पत्ता देता का? सहसा ज्याची हाक आधी परत येते, त्याचा पत्ता तो घेतो. खरा सर्व्हर कोण, हे ओळखण्याची सोय त्या हाकेत नाही. रात्रभर चालू ठेवलेल्या संगणकांकडे आधीचा पत्ता होता. तो ठरावीक मुदतीनं मिळतो आणि अर्धी मुदत उलटली की संगणक आधीच्याच सर्व्हरकडे तो वाढवून मागतो. म्हणून ते चालू राहिले. सकाळी नव्यानं सुरू केलेल्या संगणकांना पहिलं उत्तर नव्या डब्याचं मिळालं आणि ते बाहेर न जाणाऱ्या दारापाशी जाऊन थांबले.

राउटर काढला, संगणक पुन्हा सुरू केले, रांग हलली. पण परतताना माझ्या मनातून एक विचार जाईना. तो डबा एका भाबड्या मुलानं लावला होता. तोच कुणी हेतूनं लावला असता आणि बाहेरचं दार नीट उघडं ठेवलं असतं, तर? सगळे संगणक झकास चालले असते. कुणी मला फोन केला नसता. आणि प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता त्या परक्या डब्यालाच विचारला गेला असता. पुढच्याच महिन्यात त्या पतसंस्थेतला स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथं येऊन मिळतात तो डबा, बदलून घेतला. पत्ते वाटण्याची परवानगी आता फक्त एका ठरलेल्या जोडणीला आहे, बाकीच्या जोडण्यांवरून कुणी पत्ता देऊ लागला तर स्विच तो परस्पर टाकून देतो. डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात याला. बऱ्याच व्यवस्थापित स्विचमध्ये ही सोय आलेलीच असते, चालू मात्र कुणी करत नाही.

मे २०१८ मध्ये याच्या पुढची पायरी जगानं पाहिली. गूगलमध्ये काम करणाऱ्या फेलिक्स विल्हेल्म या संशोधकाला रेड हॅट लिनक्समध्ये अशी खोट सापडली, की डीएचसीपीच्या उत्तरातच एखादा हुकूम दडवला तर पत्ता मागणारा संगणक तो मुकाट्यानं पाळत असे, तोही सर्वोच्च अधिकारानं. उत्तरातली अक्षरं न तपासता एक छोटी स्क्रिप्ट ती पुढे चालवत होती. हा हल्ला एवढा आटोपशीर होता, की ट्विटरवरच्या एका संदेशात तो मावला. पत्ता विचारायला जावं आणि सांगणाऱ्यानं बोलता बोलता आपल्या घराची किल्ली काढून घ्यावी, असा तो प्रकार.

एका टेबलावरची यादी

एवढा भाबडा विश्वास या व्यवस्थेत आला कुठून? त्याचं उत्तर तिच्या बालपणात आहे.

इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती सांभाळली जाई कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या एसआरआय संस्थेच्या माहिती केंद्रात. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर, ओळखीच्या लोकांत 'जेक'. नवं नाव नोंदवायचं तर त्यांच्या केंद्राला कळवायचं. तिथली माणसं यादीत ओळ टाकणार आणि बाकीचे ती यादी उतरवून घेणार. विचारणारे ओळखीचे, सांगणारे ओळखीचे. खोटं बोलणार कोण?

संगणक वाढले तशी ती यादी पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: एकच मोठी वही न ठेवता ज्यानं त्यानं आपल्या वस्तीची वही ठेवायची आणि एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. त्यानंतर लवकरच बर्कली विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी ती रचना युनिक्सवर उतरवणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव बाइंड. आजही नावं सांगणाऱ्या असंख्य सर्व्हरांवर तोच चालतो.

आपल्याकडची गोष्टही अशीच घरगुती होती. भारताचं .इन हे नाव १९८९ च्या मे महिन्यात नोंदलं गेलं आणि त्याची वही मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे आली. हीच संस्था पुढे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकमध्ये विलीन झाली. १९९२ ते २००४ या काळात .इनवर सगळी मिळून सुमारे ७,००० नावं नोंदली गेली. २००५ पासून हे काम निक्सी या संस्थेकडे गेलं, नियम सैल झाले आणि नावांचा ओघ सुरू झाला. मोजक्या ओळखीच्यांसाठी बांधलेल्या घरात सगळं गाव राहायला आलं. दारांना कड्या घालायचं काम मात्र मागं राहिलं.

पाच वर्षं बंद ठेवलेला निबंध

कड्या नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, असं नाही. १९९० साली बेल लॅब्जमधल्या स्टीव्हन बेलोविन यांनी एक निबंध लिहिला. डीएनएसच्या उत्तरांत खोटेपणा करून दुसऱ्याच्या संगणकात कसं शिरता येईल, हे त्यात सांगितलं होतं. उपाय हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी तो निबंध प्रसिद्धच केला नाही. तो छापून आला १९९५ मध्ये. रोग कळला आहे, औषध नाही, आणि रोगाचं नाव उच्चारलं तरी तो पसरेल, अशा अवस्थेत एका माणसानं पाच वर्षं काढली. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी नैतिक कोंडी आहे.

दोनच वर्षांत ती भीती खरी ठरली. जुलै १९९७ मध्ये यूजीन काशपुरेफ या अमेरिकी माणसानं इंटरनिक या नाव-नोंदणी करणाऱ्या केंद्राकडे जाणारे लोक स्वतःच्या संकेतस्थळाकडे वळवले. नाव-नोंदणीतल्या मक्तेदारीविरुद्धचा हा निषेध आहे, असं त्याचं म्हणणं होतं. रीत साधी होती. त्या वेळचे नावं सांगणारे सर्व्हर, आपण एक प्रश्न विचारला असता उत्तरासोबत आलेली न विचारलेली माहितीही खरी मानून जपून ठेवत. बोहरी आळी कुठं, असं विचारावं, समोरच्यानं ती सांगावी आणि वर म्हणावं, "आणि हो, तुमची बँकही आता इकडे आली आहे." आपण ते वहीत लिहून ठेवावं आणि पुढे विचारेल त्याला तसंच सांगावं. पुढे काशपुरेफला कॅनडात अटक झाली आणि त्यानं गुन्हा कबूल केला. सर्व्हर थोडे शहाणे झाले. मूळ खोट तशीच राहिली.

तेरा दिवसांचं गुपित

आता या सगळ्यातला सगळ्यात मोठा किस्सा.

२००८ च्या सुरुवातीला सिॲटलमध्ये राहणारा डॅन कॅमिन्स्की हा २९ वर्षांचा संशोधक डीएनएसशी खेळत होता आणि त्याला अशी वाट सापडली, जिच्यामुळे जगातल्या जवळपास प्रत्येक सर्व्हरच्या वहीत खोटा पत्ता लिहिता येत होता.

त्या काळी खोटेपणा रोखायला एकच पहारा होता. सर्व्हर प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक देई आणि तोच क्रमांक घेऊन आलेलं उत्तर खरं मानी. असे क्रमांक एकूण ६५,५३६. खोटं बोलणाऱ्याला खऱ्या उत्तराच्या आधी पोचून नेमका तो क्रमांक जुळवावा लागे. एकदा संधी हुकली की खरं उत्तर वहीत लिहिलं जाई आणि बऱ्याचदा दिवसभर पुन्हा प्रश्नच विचारला जात नसे. हे थांबणंच आपलं रक्षण करतं, असं सगळे समजत होते.

कॅमिन्स्कीनं ती समजूत मोडली. मुख्य नाव विचारायचंच नाही. त्याच घरातली, कधी अस्तित्वात नसलेली नावं विचारत सुटायचं: खोली एक, खोली दोन, खोली तीन. प्रत्येक नाव नवं, म्हणून प्रत्येक वेळी नवी शर्यत. हजारो शर्यतींत एकदा तरी क्रमांक जुळणारच. आणि ज्या उत्तरात तो जुळेल, त्याच उत्तरात सांगून टाकायचं, की या सगळ्या घराची चौकशी यापुढे अमुक पत्त्यावर करा. काही सेकंदांत अख्खं घर हाती.

त्यानं ही गोष्ट आधी सांगितली पॉल व्हिक्सी यांना. बाइंडची कित्येक वर्षं निगा राखलेले हे गृहस्थ. फोनवर ऐकताच त्यांनी कॅमिन्स्कीला बजावलं, की हे पुन्हा कधी मोबाइलवरून बोलू नकोस. ३१ मार्च २००८ ला मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या आवारात १६ जण एका खोलीत जमले. बाहेर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसं त्यांत होती. सगळ्यांनी आपापली दुरुस्ती गुपचूप करायची आणि एकाच दिवशी बाहेर आणायची, असं ठरलं. तो दिवस होता ८ जुलै २००८.

दुरुस्ती काय होती? क्रमांकाच्या जोडीला, प्रश्न ज्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या खिडकीतून) पाठवायचा तोही दर वेळी यदृच्छेनं निवडायचा. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला ६५,५३६ ऐवजी चारशे कोटींच्या घरातल्या शक्यतांशी झुंजायचं. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञानं आपल्या प्रोग्राममध्ये हे आधीपासून केलं होतं आणि इतरांनाही सांगितलं होतं. या दुरुस्तीत आणखी एक शहाणपण होतं. ती पाहून नेमकी खोट कोणती, हे सहज ओळखू येत नव्हतं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून कॅमिन्स्कीनं जगभरच्या संशोधकांना विनंती केली: महिनाभर तर्क मनातच ठेवा. तपशील मी ऑगस्टमध्ये स्वतः सांगेन.

गुपित १३ दिवस टिकलं. २१ जुलैला एकानं जाहीरपणे तर्क मांडला, आतली गोष्ट ठाऊक असलेल्या एका कंपनीकडून त्याला अनवधानानं दुजोरा मिळाला, आणि मजकूर मागं घेईपर्यंत तो जगभर गेला होता. दोन दिवसांत हल्ल्याचं तयार हत्यार सर्वांसाठी खुलं झालं. ते बनवणाऱ्यांत एच. डी. मूर हे नामांकित संशोधक होते. महिनाअखेर मूर यांच्याच ऑस्टिनमधल्या कंपनीत गूगल उघडलं, तर भलतंच पान येऊ लागलं. त्यांचे स्वतःचे संगणक निर्दोष होते. ज्या सेवादात्याच्या सर्व्हरला ते नावं विचारत होते, त्यानं दुरुस्ती लावली नव्हती.

हा प्रसंग मी नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. हल्ल्याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूसही, आपण ज्याला पत्ता विचारतो तो बेसावध असेल तर, फसतो. आपली सुरक्षा आपल्या उंबरठ्यावर संपत नाही.

कॅमिन्स्कीला ते गुपित काळ्या बाजारात विकता आलं असतं. त्यानं तसा विचार केला नाही. खरा उपाय, म्हणजे उत्तरावर सहीशिक्का असणं, त्याचा तो पुढे खंदा पुरस्कर्ता झाला. त्या पद्धतीचं नाव डीएनएससेक. १५ जुलै २०१० ला डीएनएसच्या मुळावर, म्हणजे सगळ्यात वरच्या वहीवर, तो शिक्का बसला आणि आणीबाणीत त्या शिक्क्याच्या किल्लीचे तुकडे जुळवण्यासाठी निवडलेल्या जगातल्या सात जणांपैकी एक कॅमिन्स्की होता. २३ एप्रिल २०२१ ला, वयाच्या ४२व्या वर्षी तो मधुमेहाच्या गुंतागुंतीनं गेला. त्या संध्याकाळी आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांनी एकमेकांना फोन केले. आमच्यापैकी कुणी त्याला भेटलं नव्हतं.

चुकण्यापेक्षा थांबणारा प्रोग्राम

आता थोडं मागं जाऊ. २००१ च्या जानेवारीत बाइंडच्या जुन्या आवृत्तीतली एक मोठी खोट जाहीर झाली आणि मार्चमध्ये 'लायन' नावाचा किडा तिच्यातून लिनक्स सर्व्हरांत शिरून पासवर्डांच्या फाइली पळवू लागला. दोन महिने दुरुस्ती उपलब्ध होती. ज्यांनी ती लावली नाही, तेच सापडले.

बाइंड ९ मात्र पूर्णपणे नव्यानं लिहिला गेला होता. त्यात एक कडक नियम आहे. आत काही विसंगत घडलेलं दिसलं, तर प्रोग्रामनं पुढे चालत राहायचं नाही, जागीच बंद पडायचं. कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा त्यामागचा विचार. पण यालाही किंमत आहे. जुलै २०१५ च्या अखेरीस असं उघड झालं, की विशिष्ट घडणीचा एकच संदेश पाठवला तर जगातला जवळजवळ कुठलाही बाइंड सर्व्हर बंद पाडता येतो. सेटिंग बदलून वाचण्याची सोय नव्हती. दुरुस्ती लावणं हाच एक मार्ग.

त्या आठवड्यातली एक रात्र मला नीट आठवते. दोन व्यापाऱ्यांचे सर्व्हर माझ्याकडे होते. भाजीचे टेम्पो रस्त्यावर लागायला सुरुवात झाली, तेव्हा दुसऱ्याची दुरुस्ती संपली. सकाळी दुकान उघडल्यावर मालकांनी विचारलं, "रात्री काय केलंत एवढं?" मी म्हणालो, "शेठ, आज काही झालं नाही ना, तेच केलं." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी चहा सांगितला. पडद्यामागच्या कामाचं मोल असंच असतं. ते न घडलेल्या गोष्टींत मोजावं लागतं.

जुन्या खोटी किती वर्षं झोपून असतात, याचा दाखला २०२० मध्ये मिळाला. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांना विंडोज सर्व्हरच्या डीएनएस प्रोग्राममध्ये १७ वर्षं पडून राहिलेली खोट सापडली. गांभीर्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले.

कपाटावरचा डबा

मोठ्या सर्व्हरांची काळजी घ्यायला माणसं असतात. मंडईतल्या गाळ्यात, किराणा दुकानात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, तुमच्या घरी कपाटावर ठेवलेल्या राउटरची काळजी कोण घेतं?

अशा असंख्य राउटरांत डीएनएस आणि डीएचसीपी, दोन्ही वह्या सांभाळणारा एकच छोटा प्रोग्राम असतो. त्याचं नाव डीएनएसमास्क. इंग्लंडमधल्या सायमन केली यांनी तो लिहिला आणि दोन दशकांहून अधिक काळ तेच त्याची देखभाल करत आले आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकानं त्यात सात खोटी सापडल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या तीन खोटींमधून दुरून राउटरचा ताबा घेण्याचा धोका होता. केली यांनी पथकाबरोबर बसून दुरुस्ती केली आणि २.७८ ही आवृत्ती आणली. १९ जानेवारी २०२१ ला इस्रायलच्या जेएसओएफ या संस्थेनं आणखी सात खोटी मांडल्या. त्यांतल्या काही कॅमिन्स्कीच्याच वाटेनं जाणाऱ्या होत्या, कारण २००८ मध्ये वाढवलेला पहारा इथं नकळत ढिला पडला होता. त्यावर २.८३ ही आवृत्ती आली. दोन्ही वेळा दुरुस्ती बातमीच्या दिवशीच तयार होती.

पण ती तुमच्या डब्यापर्यंत पोचते का? एका मसाल्याच्या दुकानात मला बोलावलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, "भाऊ, कुठलंही पान उघडलं की जाहिरातीच येतात. मोबाइल बदलून पाहिला, तरी तेच. मुलीच्या घरी गेलं की मात्र नीट चालतो." मोबाइल निर्दोष होता. राउटरमध्ये नावं कुणाला विचारायची त्या रकान्यात दोन अनोळखी आकडे होते. ते ना सेवादात्याचे होते, ना आम्हा कुणाचे. राउटरचा पासवर्ड खोक्यावर छापलेला होता तोच, आणि आतला प्रोग्राम विकत घेतला त्या दिवसाचाच. बाहेरच्या कुणीतरी आत येऊन फक्त दोन ओळी बदलल्या होत्या.

हे एकट्या त्या बाईंचं दुखणं नव्हतं. मार्च २०१४ मध्ये टीम कम्री या संस्थेनं दाखवून दिलं, की जगभरातल्या सुमारे तीन लाख छोट्या राउटरांमधल्या डीएनएसच्या ओळी अशाच बदललेल्या आहेत. त्यांत भारतातलेही होते. मालकांना पत्ताही नव्हता.

शेवटी, तुमच्या दाराशी

रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं .बँक.इन अशा शेवटाच्या नावावर न्यायला सांगितलं. पाऊल चांगलं आहे. नावाचा शेवट पाहून खरी बँक ओळखता येते. पण मंडईत शिकलेली गोष्ट इथंही लागू आहे. नाव कितीही खरं असलं, तरी पत्ता सांगणारा खोटा असेल तर माणूस चुकीच्याच दारी जातो. ब्राउझरचा कुलुपाचा इशारा बऱ्याचदा वाचवतो. तो डावलून 'पुढे जा' दाबण्याची सवय ज्याला लागली, त्याला कुणी वाचवू शकत नाही.

बेलोविन यांनी निबंध जपला, कॅमिन्स्कीनं गुपित जपलं, केली आपला छोटासा प्रोग्राम एवढी वर्षं नेटानं जपत आले. त्यांनी आपलं काम केलं. उरलेलं काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते आपल्याकडे आहे. आज दुकान बंद करण्यापूर्वी राउटरचा छापील पासवर्ड बदला. आतल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली असेल तर ती घ्या. कंपनीनं तुमच्या डब्याला दुरुस्त्या देणं थांबवलं असेल, तर तो चालू असला तरी बदलून टाका. डीएनएसच्या रकान्यातले आकडे एकदा वहीत लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पडताळून पाहा. ऑफिसात कुणीही न विचारता नवा राउटर लावणार नाही, एवढा एक नियम करा. आणि पान उघडताना धोक्याची सूचना आली, तर तिथंच थांबा. पहिलं उत्तर मिळालं म्हणजे खरं उत्तर मिळालं, असं धरून चालू नका.